पटावरच्या तपकिरी चकत्या

कोल्हापूर,
१७ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मिळून आठवडा झाला. "खेळ हा खेळ असतो, त्यातून गुलामगिरी वगळली तर बिघडले कुठे, उलट मुलांपुढे असले काही न आलेलेच बरे," असे तू लिहिले आहेस. त्याच पत्रात पुढे, धाकटी आता तेरा वर्षांची झाली आहे, तिला वसाहतींचे हे स्ट्रॅटेजी गेम खेळू द्यावेत की नाही, असेही विचारले आहेस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे व्हावे असा हा प्रश्न मला वाटला नाही. इतकी वर्षे आपण दोघे हे खेळ खेळत आलो, त्यात मी इतिहास शिकवणारा माणूस, आणि तरीही या विषयावर जे बोलायला हवे होते ते आपण कधी बोललो नाही. म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

तुला ती दिवाळी आठवत असेल. नाशिकला तुमच्या माडीवर आपण ‘पोर्तो रिको’चा पट मांडला होता. त्यात दर फेरीला एक जहाज यायचे आणि त्यातून गडद तपकिरी रंगाच्या छोट्या लाकडी चकत्या उतरायच्या. नियमपुस्तिकेत त्यांना वसाहतकरी म्हटले होते. एक चकती निळीच्या मळ्यावर, एक उसाच्या, एक तंबाखूच्या. चकती बसली की मळा पिकायचा, नाही बसली की तो नुसता पडून राहायचा. काकू फराळाचे ताट ठेवायला आल्या आणि पट निरखत त्यांनी विचारले, "ही तपकिरी माणसे कोण?" तू म्हणालास, "कामगार." त्यावर त्या सहज म्हणाल्या, "मग यांचा पगार कोण देतो रे?" पगार देण्याचा नियम त्या खेळात नव्हता, हे आपल्याला ठाऊक होते. आपण काही बोललो नाही आणि पुढची चाल खेळलो. त्या चकत्या काही खात नव्हत्या, आजारी पडत नव्हत्या, पळून जात नव्हत्या आणि मरतही नव्हत्या. पोर्तो रिको या खऱ्या कॅरिबियन बेटावर गुलामगिरी संपली ती १८७३ च्या मार्चमध्ये, आणि त्याआधी तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेली माणसे राबत होती, हे मी तेव्हाही वाचलेले होते. वाचलेले असूनही मी काकूंना उत्तर दिले नाही, याची खंत मला अजून आहे. २०२२ मध्ये त्या खेळाची नवी आवृत्ती निघाली, तिने काळच १८९७ वर नेऊन ठेवला आणि मळ्यांवर मजुरीने काम करणारी माणसे दाखवली. हा उपाय मला प्रामाणिक वाटतो, पण मूळ प्रश्नाला तो वळसा घालून जातो.

आता तुझा मुद्दा घेतो. वगळले तर काय बिघडले? संगणकावरचा १९९४ चा ‘कॉलोनायझेशन’ आठव. इंग्लंड, फ्रान्स, स्पेन किंवा हॉलंड यांच्यापैकी एका सत्तेच्या बाजूने १४९२ पासून अमेरिकेत वसाहत उभी करायची. उसाची रम होते, तंबाखूचे सिगार होतात, कापसाचे कापड होते. युरोपातून कैदी येतात, करारबद्ध नोकर येतात, धर्मांतर केलेले मूळ रहिवासी कामाला येतात, पण आफ्रिकेतून एकही माणूस येत नाही. त्या खेळातल्या थोर पुरुषांच्या यादीत सोळाव्या शतकातला स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास आहे, आणि तो आपल्या बाजूला आला की हे धर्मांतरित लोक मुक्त वसाहतकरी होतात. खरा लास कासास मूळ रहिवाशांच्या छळाविरुद्ध आयुष्यभर लिहीत राहिला यात शंका नाही. पण त्या लोकांवरचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतले गुलाम आणावेत, अशी सूचनाही सुरुवातीच्या काळात यानेच केली होती, आणि पुढे तिचा त्याने मनापासून पश्चात्ताप केला. खेळाने त्याची करुणा ठेवली आणि पश्चात्ताप गाळला, कारण तो ज्यांच्याविषयी होता ती माणसेच पटावर नाहीत.

‘एम्पायर: टोटल वॉर’ तर आपल्या दोघांचा लाडका. मराठ्यांचे राज्य घेऊन खेळता येते, एवढ्या एका गोष्टीसाठी आपण त्याच्यापायी किती रात्री जागवल्या! त्या खेळात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापारी जहाजे पाठवली की हस्तिदंत मिळते. खेळ अठराव्या शतकातला आहे, आणि त्या एका शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साठ लाखांहून अधिक माणसे जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे नेली गेली. त्यांचा तिथे मागमूस नाही, मात्र ‘गुलामगिरीचे निर्मूलन’ या नावाचे एक संशोधन आहे आणि विद्यालयात बसलेले विद्वान ते पूर्ण करतात. जाता जाता एक गोष्ट आपल्याविषयीही लिहायला हवी. त्या खेळातले आपले मराठी राज्य या बाबतीत अगदी स्वच्छ दिसते, पण पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. इतरांच्या खेळातल्या वगळण्यावर बोट ठेवायचे तर हेही झाकून चालणार नाही.

वगळल्याने काय बिघडते ते मला उसावरून सांगू दे, कारण मी उसाच्या मुलखात वाढलो. आमच्या गावच्या गुऱ्हाळावर हंगाम सुरू झाला की चुलवाण दिवसरात्र विझत नसे. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. एक-दोन दिवसांत त्याचे वजन घटते, रस बिघडतो, आणि मग गुळव्या कितीही कसबी असला तरी काहिलीत आधण साधत नाही. म्हणून तोड, ओढ, चरक आणि चूल यांचे चक्र थांबवता येत नाही, आणि पहाटे पहाटे चरकात मोळी सारणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड येते. आमच्याकडे पाळी बदलायला माणसे असत, हंगाम तीन-चार महिन्यांचा असे, आणि माणूस संध्याकाळी आपल्या घरी जात असे. कॅरिबियन बेटांवर हेच चक्र चाबकाखाली चाले. झोपेने पेंगणाऱ्याचा हात चरकात गेला तर तो तिथल्या तिथे तोडता यावा म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे. फ्रेंचांच्या सँ-दोमँग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, १७८९ च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास गुलाम होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले होते. जन्मापेक्षा मरण इतके जास्त होते की दरवर्षी हजारोंनी नवी माणसे आणावी लागत. पडद्यावरच्या मळ्यातून मात्र दर मिनिटाला नाण्यांचा आकडा वाढत जातो आणि पाहणाऱ्याला वाटते की ही संपत्ती सुपीक जमिनीतून आणि हुशार कारभारातून आली. इतिहासात जे सर्वांत महागात पडले ते खेळात फुकट मिळते. तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात हे न कळत बसावे, याची मला अधिक काळजी वाटते.

बरे, गुलामगिरी दाखवणारे खेळ तरी ती कशी दाखवतात? ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये काश्याची, म्हणजे ब्राँझची, विद्या मिळाली की गुलामगिरी स्वीकारता येते, आणि मग शहरातली लोकसंख्या खर्ची घालून अपुरे बांधकाम एका फेरीत उरकता येते. आपण याला चक्क ‘चाबूक मारणे’ म्हणत होतो आणि कोणत्या फेरीला मारणे किफायतशीर पडेल याचा हिशेब मांडत होतो. पुढे त्याच खेळात दास्यमुक्तीचा पर्याय येतो. तो घेतला की खेड्यांची वाढ दुप्पट वेगाने होते आणि ज्या राज्यांनी तो घेतलेला नाही तिथली प्रजा नाराज होते. लक्षात घे, नाराज होतात ते स्वतंत्र नागरिक. ज्यांच्या पाठीवर चाबूक पडला ते तर बांधकामात खर्ची पडलेले असतात. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये ‘गुलाम’ हा मीठ, लोकर आणि धान्य यांच्याच यादीतला एक माल आहे. त्या प्रांताला लोकसंख्या म्हणून काही नाही, त्यामुळे शतकानुशतके माणसे नेली तरी तिथले काहीच उणे होत नाही.

‘व्हिक्टोरिया ३’ला मी या सगळ्यांत वरचे स्थान देतो. त्यात गुलाम हा लोकसंख्येचा स्वतंत्र वर्ग आहे, त्याचे राहणीमान मोजले जाते, आणि जमीनदारांचा गट गुलामगिरी टिकवण्यासाठी बंडाची धमकी देतो. मागच्या हिवाळ्यात मी ब्राझील घेऊन बसलो होतो. जमीनदारांचे बळ हळूहळू कमी केले, सुधारणावादी गटांना सरकारात आणले, कायदा मांडला, तो दोनदा अडला, आणि अखेर एका रात्री मंजूर झाला. मला खरोखर आनंद झाला. पण झोपताना एक गोष्ट टोचत राहिली. या साऱ्या खटपटीत गुलामांनी काय केले? त्यांचे राजकीय बळ शून्य होते आणि ते मळ्यांवर, मी त्यांना मोकळे करीन तेव्हा करीन, म्हणून वाट पाहत बसले होते.

खऱ्या ब्राझीलमध्ये ते वाट पाहत बसले नव्हते. १८८१ च्या जानेवारीत सेआरा प्रांतातल्या फोर्तालेझा बंदरात, ज्यांच्या तराफ्यांवरून गुलामांना किनाऱ्यावरून जहाजापर्यंत नेत असत, त्या तराफेवाल्यांनी ती ने-आण करायला नकार दिला. त्यांचा एक पुढारी फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो, स्वतः तराफ्यांच्या धंद्यातला माणूस. १८८४ मध्ये त्या प्रांताने देशाच्या आधी गुलामगिरी रद्द केली. पुढे १८८६ ते १८८८ या काळात साओ पावलोच्या कॉफीच्या मळ्यांवरून माणसे झुंडीने निघून जाऊ लागली. सांतुस बंदराजवळ पळून आलेल्यांची मोठी वस्तीच उभी राहिली, आणि १८८७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळाने, वडिलांच्या जागी कारभार पाहणाऱ्या राजकन्या इझाबेलला विनंती केली की पळालेल्यांना पकडण्याचे काम सैन्याला लावू नये. १३ मे १८८८ रोजी इझाबेलने ज्या कायद्यावर सही केली त्यात अवघी दोन कलमे होती. मळे रिकामे होतच होते. कायद्याने त्यावर शिक्का मारला. खेळात सही पहिली येते आणि माणसे नंतर हलतात.

हेच जमैकाचे आणि हैतीचे. जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प या बाप्टिस्ट धर्मसेवकाच्या पुढाकाराने काम बंद करण्याचे ठरले, त्याचा उठाव झाला, साठ हजारांच्या आसपास गुलाम त्यात उतरले आणि तीनशेहून अधिक जणांना ठार मारण्याच्या शिक्षा झाल्या. शार्पला १८३२ च्या मे महिन्यात फाशी झाली, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या संसदेने निर्मूलनाचा कायदा केला. सँ-दोमँगमध्ये १७९१ च्या ऑगस्टमध्ये मळे पेटले, आणि पॅरिसने १७९४ मध्ये जी मुक्ती जाहीर केली ती तिथल्या गुलामांनी आधीच हातात घेतलेली होती. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत काढून घेण्याचा घाट घातला, तेव्हा त्याची फौज हरली आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाली. म्हणून ऐतिहासिक अचूकतेची चर्चा निघते तेव्हा मला सनावळ्या आणि मालाचे भाव यांहून दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: पटावर चाल करण्याचा हक्क कोणाला आहे? एखाद्या खेळात सगळ्या तारखा बरोबर असतील, पण चाली फक्त राजा, मंत्री आणि मळेवाला यांनाच असतील, तर तो मळेवाल्याच्या वहीइतकाच खरा आहे.

दुसरी मोठी चूक कायदा झाल्यानंतर काय झाले याविषयीची आहे. खेळात निर्मूलन हा शेवट असतो. पाटी येते, प्रतिष्ठा वाढते, विषय संपतो. खरे हिशेब तिथून सुरू झाले. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, ती सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या चाळीस टक्क्यांच्या घरात जाणारी होती, आणि ती सगळी मालकांना मिळाली. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली. ज्यांना मुक्त केले त्यांना एक पैसाही मिळाला नाहीच, उलट ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे बिनपगारी राबावे लागले. हैतीकडून तर फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून, जुन्या मालकांच्या भरपाईपोटी, पंधरा कोटी फ्रँकची मागणी कबूल करून घेतली. पुढे ती रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, तरी तिच्यापोटी काढलेली कर्जे विसाव्या शतकापर्यंत त्या देशाच्या मानेवर बसून होती. कोणत्याही खेळात निर्मूलनाचे बटण दाबताना भरपाई कोणाला द्यायची, असे मला अजून विचारलेले नाही.

आणि इथे गोष्ट आपल्या दारात येते. ‘व्हिक्टोरिया ३’ सुरू होतो १ जानेवारी १८३६ या तारखेला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ जानेवारी १८३६ ला, जॉन ग्लॅडस्टन या मळेवाल्याने कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीला पत्र लिहून आपल्या मळ्यांसाठी भारतातून मजूर मिळतील का, अशी विचारणा केली. याचाच मुलगा पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. बापाला गुलामांच्या भरपाईचे एक लाख पौंडांहून अधिक मिळाले होते. १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजे सुमारे चारशे मजूर घेऊन ब्रिटिश गयानाला पोहोचली. मॉरिशसमध्ये तर ही वाट आधीच पडली होती. ‘अॅटलास’ जहाज २ नोव्हेंबर १८३४ ला तिथे लागले. मॉरिशसला पुढे मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ती माणसे गिरमिटावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मजुरीच्या करारावर, अंगठा उठवून, ज्या मळ्यांवरून गुलाम उठले होते त्याच मळ्यांवर, त्याच उसाच्या फडात उभी राहिली. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे; मुदत होती, थोडे वेतन होते, परतीची आशा होती. पण मळ्याला माणसे कशी मिळत राहिली हे समजायचे तर दोन्ही एकाच पानावर लिहावे लागतात. शिवाय, लंडनच्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. आपल्याकडे कंपनी सरकारचा कायदा व्हायला १८४३ साल उजाडले. नकाशावर एका रंगात दिसणाऱ्या साम्राज्यात कायदा मात्र एक नव्हता.

तू ज्या शहरात राहतोस तिथेही याचा एक धागा आहे, तो तुला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. अरबी समुद्रात इंग्रजांच्या युद्धनौका गुलाम नेणारी गलबते पकडत, आणि सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांपैकी काहींना मुंबईला आणि तिथून नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या आश्रमात आणले जाई. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत लिव्हिंग्स्टन या प्रसिद्ध स्कॉटिश प्रवाशाच्या मुक्कामावर गेला, आणि १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहासोबत लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेपर्यंत पोहोचला. काही जण मोंबासाजवळच्या फ्रिअर टाऊन या वस्तीत राहायला गेले. एका मुलाला गलबतातून सोडवल्यावर त्याने कोणत्या भाषेत बोलावे, कोणत्या देवाला हात जोडावेत, कुठे घर करावे, हे सारे प्रश्न शरणपूर रोडवर राहिले होते, जिथून तू रोज कामाला जातोस. त्या प्रश्नांसाठी आपल्या कोणत्याही खेळात जागा नाही.

आता धाकटीबद्दल. तिला जरूर खेळू दे. असह्य गोष्टी दाखवण्याची रीत मात्र चुकू शकते, हे मी मानतो. मुलांना गुलामांचा व्यापार शिकवण्यासाठी डेन्मार्कमध्ये एक खेळ केला होता, आणि त्यात जहाजाच्या तळघरात माणसांच्या आकृत्या टेट्रिससारख्या रचायच्या होत्या. २०१५ मध्ये लोकांचा संताप झाल्यावर तो भाग काढला. ‘ब्रूक्स’ या जहाजाच्या तळघरात साडेचारशे माणसे कशी कोंबली जात, याचे चित्र निर्मूलनवाद्यांनी १७८८-८९ मध्ये छापून वाटले होते. ते चित्र पाहणाऱ्याचा श्वास कोंडावा म्हणून काढले होते. तेच दृश्य मुलांना कोडे म्हणून दिले, तेव्हा पाहणाऱ्याच्या हातात रचणाऱ्याचे काम आले. याउलट ‘फ्रीडम: द अंडरग्राउंड रेलरोड’ हा पटावरचा खेळ मला आवडतो, कारण त्यात सगळे खेळाडू निर्मूलनवादी असतात, मिळून खेळतात, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरून माणसांना कॅनडापर्यंत पोहोचवतात, आणि कितीही जपून खेळले तरी काही जणांना वाचवता येत नाही. त्यातही पळणारा माणूस स्वतः चाल करत नाही, एवढे एक मला खटकते. तो खेळ मी येताना घेऊन येईन. आपण चौघे बसून खेळू, आणि मध्येच तिने काही विचारले तर खेळ थांबवून उत्तर देऊ.

‘व्हिक्टोरिया’ ती खेळणार असेल तर तिला ब्राझील घ्यायला सांग, आणि कायदा मंजूर होण्याआधी मळ्यांवरची माणसे कुठे आणि किती आहेत हे वहीत लिहून ठेवायला सांग. कायदा झाल्यावर दहा वर्षांनी तीच माणसे कुठे आहेत तेही तिने बघावे. तिला काय दिसले ते मला कळव, मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

पौषात आमच्याकडे गुऱ्हाळ ऐन भरात असते. तेव्हा सगळ्यांना घेऊन ये. वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. काकूंना साष्टांग नमस्कार सांग, आणि त्यांना सांग की पगाराविषयी त्यांनी विचारले होते, त्याचे उत्तर मी या पत्रात लिहिले आहे. त्यांना ते वाचून दाखव.

तुझा,
जुना खेळगडी